तालुक्याला जिंकतो, पुढे गेलो की आपटतो. शाळेच्या पैशाचा किती संबंध?

सत्तरीचो_पालक:
मुलगा नववीत आहे, गोव्यातलं अनुदानित मराठी हायस्कूल. फुटबॉलात तालुक्याला पहिले आले आणि जिल्ह्याला पहिल्याच मॅचला सहा गोल खाऊन परत. समोरच्या टीमला दोन कोच, फिजिओ, बेंचवर अकरा जण तयार. आमचे पीटी सर एकटेच, तेच बॅग उचलणार, तेच पाणी आणणार, आणि एका पोराचे स्टड फाटले तर दुसऱ्याचे घालून उतरवला. सगळ्यांना एकाच ड्रॉमध्ये टाकणं बरोबर आहे काय? की आमचीच पोरं कमी पडतात?

शिट्टीवाला:
पीटी शिकवतो, म्हणून बोलतो. पैसा म्हणजे शूज नाही हो, शूज कोणीतरी देतो. खरा घोळ दीड वाजता होतो. शाळा सुटली की बालरथ, म्हणजे सरकारी अनुदानावरची शाळेची बस, निघतो आणि आमची अर्धी टीम त्यात असते, गाव लांब, नंतरची कदंबाची सरकारी बस कधी येईल सांगता येत नाही, मग मुलगा प्रॅक्टिसला थांबणार कसा? शहरातली शाळा चार वाजता पोरांना मैदानावर आणते, घरून गाडी येते न्यायला. माझी प्रॅक्टिस म्हणजे आठवड्यातले दोन पीटीचे तास, त्यातला एक गणिताचे सर पोर्शन राहिला म्हणून मागून नेतात 😅
तरी खो-खो, कबड्डीत आमच्यासारख्या शाळा टिकतात, कारण पोरं संध्याकाळी गावातच खेळतात. फक्त पुढे मॅटवर खेळायचं आलं की मातीतली पोरं पहिली पाच मिनिटं घसरतात.

कांपालची_आई:
थोडं आमच्या बाजूनेही. मुलगी स्विमिंगला आहे, पहाटे पाचला उठून पणजीत कांपालच्या स्विमिंग पूलवर. मेडल शाळेच्या नावावर लागतं पण शाळेने काय केलं, एक फॉर्म सही करून दिला. कोचिंग, कॉस्च्युम, पेट्रोल सगळं आमच्या खिशातून. तेव्हा शाळा श्रीमंत म्हणण्यापेक्षा पालक श्रीमंत म्हणा, आणि तसे पालक कुठल्या शाळेत गोळा होतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. टेबल टेनिस, बॅडमिंटनचं पण तेच.

फोंड्याचो_भाचो:
माझी मावशी अमेरिकेत इलिनॉयमध्ये असते, तिथे हायस्कूलच्या खेळांत पटसंख्येवरून गट पाडतात, म्हणजे लहान शाळा लहान शाळेशी. पण खासगी शाळा कुठूनही मुलं घेऊ शकतात, म्हणून त्यांच्यातल्या बऱ्याच शाळांचा पट १.६५ ने गुणतात, ४०० ची शाळा ६६० ची धरतात आणि वरच्या गटात ढकलतात. मिनेसोटात तर सवलतीचं जेवण घेणाऱ्या मुलांचा काही हिस्सा पटातून वजा करतात, म्हणजे गरिबीचा थेट हिशेब. तरी भांडणं संपली नाहीत म्हणते मावशी.

सत्तरीचो_पालक:
@फोंड्याचो_भाचो आयडिया बरी आहे पण गोव्यात बारा तालुके, गट पाडले तर एकेका गटात शाळा किती उरणार?

शिट्टीवाला:
तेच. आणि खालच्या गटातलं मेडल पोरांना पण फिकं वाटेल. दहावीला बोर्डाचे स्पोर्ट्सचे मार्क मिळतात त्यात गट धरायचा की नाही यावरून पालकच कोर्टात जातील. त्यापेक्षा बालरथाची दुसरी फेरी मागा, आठवड्यातून तीन दिवस चार वाजताची. बालरथाला सरकारचं अनुदान येतं ते ठरावीक, जादा डिझेल आणि ड्रायव्हरचा ओव्हरटाइम त्यात बसत नाही म्हणून मॅनेजमेंट नाही म्हणते. पीटीएने, म्हणजे पालक-शिक्षक संघाने, लिहून दिलं, थोडी वर्गणी काढली तर हलतात, आमच्याकडे खो-खोच्या मुलींसाठी एक सीझन चालवली होती. त्या वर्षी जिल्ह्याच्या सेमीला गेल्या, पुढच्या वर्षी फेरी बंद, टीम पण बंद.

कांपालची_आई:
मुलींना रात्र पडायच्या आत घरी सोडणार असाल तर पालक नक्की प्रॅक्टिसला थांबू देतील. पत्रात तेच पहिलं लिहा.

सत्तरीचो_पालक:
शनिवारी पीटीएची मीटिंग आहे. सर, त्या सीझनला डिझेलचा महिन्याचा खर्च किती आला होता तेवढं सांगाल काय?