मदत हवी आहे: अमेरिकेतून आलेल्या शिकारीच्या व्हीएचएस कॅसेट पॅल व्हीसीआरवर चालत नाहीत

मंडळी, अमेरिकेतला एक शिकारी मित्र आणि मी एकमेकांना शिकारीच्या जुन्या कॅसेट पाठवतो. कॅसेट दोन्हीकडे सारखीच, व्हीसीआरमध्ये व्यवस्थित बसते. घोडं अडतं ते पुढे. टीव्ही-व्हिडिओ सिग्नलच्या पद्धती दोन: त्याची अमेरिकेतली एनटीएससी, माझं इकडचं सगळं पॅल. कॅसेट लावली की हरणाऐवजी नुसत्या पट्ट्या वर सरकत राहतात आणि बंदुकीचा बारही ढोल बडवल्यासारखा जाड, रेंगाळत येतो. आवाजाचं कारण कळलं: एनटीएससीची टेप सेकंदाला सुमारे ३३ मिलिमीटर धावते, पॅलची सुमारे २३. शिवाय तिकडे चित्रात ५२५ ओळी नि सेकंदाला साधारण ३० फ्रेम (चित्रं), इकडे ६२५ नि २५. रंगाची भानगड वेगळीच.

मल्टिसिस्टिम, म्हणजे दोन्ही पद्धती चालवणारा व्हीसीआर घ्यावा का? बरेचसे पॅल व्हीसीआर एनटीएससी कॅसेट वाजवतात, पण बाहेर धड पॅलही नाही, धड एनटीएससीही नाही असा सिग्नल देतात. टीव्ही तो चालवून घेतो. दुसऱ्या व्हीसीआरवर मात्र नीट रेकॉर्ड होत नाही. कॅप्चर कार्ड (व्हीसीआरचा सिग्नल संगणकात फाइल म्हणून घेणारं) तो पकडतं का? कुणी करून पाहिलंय?

एका पद्धतीचा सिग्नल दुसरीत बदलणाऱ्या कन्व्हर्टरचाही विचार केला, पण फ्रेम बदलताना उडत्या बदकांमागे फिरणारा कॅमेरा धक्के खातो म्हणे. मला तर तेच बघायचंय! मित्राने त्याच्याच व्हीसीआरवरून फाइल करून पाठवणं सोपं, हे पटतं. फक्त त्याला कोणतं कार्ड आणि काय सेटिंग सांगू? आणि माझ्या पॅल कॅसेटची फाइल २५ फ्रेमचीच ठेवली तर त्याच्या संगणकावर सुरळीत चालेल ना?