केगाव-बाळे साईडला घरगुती चवीचं जेवण कुठं मिळेल? हायवेचे ढाबे सोडून सांगा

केगावचा_नवा_रहिवासी

नमस्कार मंडळी. नोकरीमुळे आम्ही चिपळूणहून सोलापूरला आलोय, फ्लॅट केगावला घेतलाय, विद्यापीठाच्या थोडं अलीकडे. घर छान आहे, हवा मोकळी आहे, शेजारी चांगले आहेत, फक्त जेवणाचं काही जमत नाहीये. बायकोची ड्युटी शिफ्टची आणि मी घरी पोचतो तेव्हा साडेआठ वाजलेले असतात, त्यामुळे बाहेरून मागवायची वेळ बऱ्याचदा येते.

आता पुणे हायवेला ढाबे रांगेने आहेत पण मेनू सगळीकडे तोच, काजू करी, पनीर टिक्का, शेवभाजी, व्हेज कोल्हापुरी, आणि खाल्ल्यावर कळतं की सगळ्याचा मसाला एकाच पातेल्यातला आहे, फक्त वरचं बदललंय. रोटी मैद्याची, पाच मिनिटात वातड होते. ॲपवरून गावातलं मागवलं तर इथपर्यंत येताना गार होतं आणि डिलिव्हरीचे पैसे वेगळे.

सोलापूरला बदली झाली म्हटल्यावर ज्याने त्याने सांगितलं होतं, ज्वारीची भाकरी खा, भरलं वांगं खा, शेंगाची चटणी खा. मग ते सगळं आहे कुठे? पुढच्या महिन्यात आईबाबा राहायला येतायत, बाबांना बीपी आहे म्हणून तेल-मीठ बेताचं हवं, आणि आईला इथलं खरं जेवण खायचंय. आठवड्यातून एकदा मटण चालेल. मासे इथे शोधत नाही, ते गावी गेल्यावर. कृपया केगाव, बाळे, फार तर शेळगीपर्यंतचं सांगा.

जुळे_सोलापूरकर

दादा खरं सांगू का, चांगलं खायचं तर गावातच, म्हणजे जुन्या शहरात, जावं लागतंय. जुळे सोलापूर एवढं वाढलं, सैफुलच्या पुढं सोरेगावपर्यंत बिल्डिंगा झाल्या, तरी आम्ही रविवारी गाडी काढून गावातच जातो. मटणाला सावजी हॉटेलं, शीक कबाब पाहिजे तर विजापूर वेस, रमजानमध्ये तर तिथं मीना बाजार भरतो तेव्हा एकदा जावाच, आणि पोरांना घेऊन संध्याकाळी पार्क चौपाटी. हद्दवाढीत, म्हणजे मागाहून महापालिकेत आलेल्या भागात, हॉटेल चालू होतं आणि वर्षात बंद होतं, हे मी इकडं बघतच आलोय. नळाला रोज पाणी नाही, टँकर घ्यायचा, भाडं द्यायचं, गिऱ्हाईक फक्त शनिवार-रविवार, मग मालक काय करणार, तो पण पनीर आणि चायनीजच ठेवतो कारण ते खपतं. ढाबेवाल्याला दोष देऊन उपयोग नाही.

बाळ्याची_लेक

जुळे सोलापूरकर दादा, तुमचं हॉटेलचं बरोबर आहे, पण ह्यांनी हॉटेल कुठं विचारलंय, जेवण विचारलंय की.

केगावकर दादा, नीट ऐका. बाळे, केगाव, शेळगी, दहिटणे, देगाव ही सगळी खेडीच होती, १९९२ च्या हद्दवाढीत महापालिकेत आली. तुम्ही राहता तो भाग नवीन प्लॉटिंगचा, तिथं तुम्हाला पाटीच दिसणार. पण मागं जुनं गावठाण अजून तसंच आहे, चूल आहे, म्हशी आहेत, पिठाची गिरणी आहे. जेवण तिथं आहे. बाळ्याच्या खंडोबाच्या देवळाकडं वळा, गाडी लावा आणि गिरणीवर जाऊन विचारा, "इथं भाकरी करून कोण देतं?" गिरणीवाल्याला बरोबर माहीत असतं कारण रोज ज्वारी कुणाची जास्त येते ते त्याच्यासमोरच असतंय. भाकरी करून देणाऱ्या बायकांच्या घरावर बोर्ड नसतो, गुगलवर तर नसतोच नसतो. बचत गटातल्या बायका पण करतात, त्यांच्याकडं कडक भाकरी आणि चटणी पण मिळते.

दुपारी बारापर्यंत फोन करून सांगायचं, संध्याकाळी डबा घेऊन जायचं. डबा स्वतःचा न्या, शक्यतो पितळी नाहीतर स्टीलचा, आत कापड घालून. प्लास्टिकच्या पिशवीत गरम भाकरी बांधली की घाम सुटतो आणि चिकट होते, मग तुम्ही म्हणणार भाकरी चांगली नव्हती.

भाकरी चांगली कुणाची ते कसं ओळखायचं? पीठ विचारा, कधी दळलंय. ज्वारीचं पीठ ठेवलं की विरी म्हणजे चिकटपणा जातो, मग थापताना कडा चिरतात आणि काही जण त्यात गव्हाचं पीठ मिसळून भागवतात. चांगली करणारी दोन दिवसापेक्षा जास्त दळून ठेवत नाही. ज्वारी मालदांडी आहे का विचारा, हे वाण आपल्या मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेलं आहे आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर २०१६ ला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. मालदांडीची भाकरी पांढरी, गोडसर आणि गार झाली तरी मऊ. आईंना घेऊन जावा, त्या पोपडा बघूनच सांगतील. भाकरी पूर्ण फुगली की वरचा पोपडा पातळ सुटतो, त्यात तेल-मीठ-तिखट लावून आम्ही लहानपणी चुलीपुढंच खायचो, त्याच्यापुढं मला अजून काही आवडत नाही.

वांगं सांगताना एक लक्षात ठेवा, आमच्याकडं वांग्यात दाण्याचं कूट, तीळ आणि काळा मसाला असतो, चिंच-गूळ हात राखून. कानडी घरात त्याला येणेगाई म्हणतात. कानडीत येण्णे म्हणजे तेल, नावातच तेल म्हटल्यावर ते असणारच, म्हणून बाबांसाठी तेल कमी टाका असं आधीच सांगा, घरगुती असल्याचा हाच फायदा आहे, मागाहून नाही सांगायचं. बाबांना रोज वांगं देऊ पण नका, मेथीची पातळ भाजी, मुगाची आमटी, ताक असं सांगा, तेही मस्त करतात.

पूर्वभाग

मी विडी घरकुलचा, हैदराबाद रोड. केगावहून लांब पडेल पण एक रविवार काढून इकडं या, कारण सोलापूरचं जेवण म्हणजे फक्त भाकरी नव्हे. आमचे पणजोबा तेलंगणातनं मागावर काम करायला आले, चादरीच्या कारखान्यात, आणि पूर्व भागात बघाल तर अजून घरात तेलुगू, बाहेर मराठी. बाहेरच्या माणसाला आमचं खाणं माहीतच नाही याचं मला फार वाईट वाटतं.

गावातनं बायका बाहेर गेल्या, कुंभारीला गोदुताई परुळेकर वसाहतीत विडी कामगारांना घरं मिळाली, आता तिथंच रे नगर झालं, जानेवारी २०२४ मध्ये १५ हजार घरांच्या चाव्या दिल्या. म्हणजे सोलापूरचं सगळ्यात नवीन टोक हेच, आणि चवीला सगळ्यात जुनं. सकाळी इडली-वड्याच्या गाड्या लागतात, चटणी पातळ आणि झणझणीत, नऊच्या पुढं गेलात तर पातेलं रिकामं. चिंचेचा भात म्हणजे पुलिहोरा, तो सणाला घरोघर होतो. आणि संक्रांतीला आला तर सकिनालू खा. तांदूळ भिजवून, निथळून, ओलसर असतानाच दळायचे, त्यात ओवा, तीळ, मीठ. मग जमिनीवर धुतलेलं लुगडं पसरून बायका ओळीनं बसतात आणि दोन बोटांत पीठ पिळत पिळत एकात एक गोल वेढे घालत जातात, साचा नाही, सोऱ्या नाही, नुसती बोटं. जरा सुकले की उलथन्यानं अलगद उचलून तेलात. विडी वळणाऱ्या बोटांना हे काम काय जड. माझ्या आईचे वेढे मोजून घ्या, सगळे सारखे.

विकत पाहिजे असेल तर अशोक चौक, दत्त नगर भागात सणाच्या आधी घरोघर ऑर्डर घेतात, विचारलं की दाखवतात.

मेसवाला_पोऱ्या

दादा मी केगावला इंजिनिअरिंग केलं, चार वर्षं तिथल्या मेसवर काढली म्हणून सांगतो. कॉलेजच्या आसपास घरगुती मेस भरपूर आहेत, फॅमिलीला पण डबा देतात पण तुम्ही विचारत नाही म्हणून तुम्हाला माहीत नाही. महिन्याचा डबा लावायच्या आधी मंगळवारी किंवा बुधवारी जाऊन खावा, रविवारी नको, रविवारी सगळे गोड आणि मसालेभात करतात त्यावर मेस कळत नाही. वरण बघा. वरण पातळ पाणी असलं की समजायचं बाकी पण तसंच. आणि हे लक्षात ठेवा की परीक्षा संपली की पोरं गावी जातात, बऱ्याच मेस दिवाळीत आणि मे-जूनमध्ये बंद असतात, रविवारी रात्री तर सुट्टीच. तुमचे आईबाबा नेमके दिवाळीत येणार असतील तर मेसच्या भरवशावर राहू नका, वर ताईंनी सांगितलेलं गावठाणाचंच बघा.

मटणाचं म्हणाल तर हायवेवर सगळेच ढाबे वाईट नाहीत हां. मटण आपण आणून द्यायचं, ते करून देतात, असे ढाबे बघा. सकाळी बाळ्यातनं ताजं मटण घ्यायचं, नेऊन द्यायचं, किती तिखट ते सांगायचं, करणावळ किलोमागं ठरवायची. बोकड आपण बघून घेतलेलं असतं, समोर शिजतं, रस्सा आणि सुकं वेगवेगळं करून देतात. फक्त भाकरी तिथंच चुलीवर करतात का ते बघून घ्या. दुपारच्यासाठी सांगा, रात्री गर्दीत लक्ष देत नाहीत.

जुळे_सोलापूरकर

हे मटण आणून द्यायचं बेस्ट आहे, आमच्याकडं विजापूर रोडला पण करतात. मी फक्त हॉटेलचाच विचार करत होतो. बाळ्याची लेक, आमच्या सोरेगावात पण गावठाण हाय की, तिथं विचारतो गिरणीवर.

केगावचा_नवा_रहिवासी

सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवारी बाळ्याच्या गिरणीवर गेलो, विचारलं, आणि गिरणीवाल्यांनी एका मुलाला आमच्यासोबत पाठवलं, तो थेट घरी घेऊन गेला. मावशी सत्तरीच्या असतील, सून चुलीपाशी आणि मावशी परातीपाशी. आम्हाला बसवूनच घेतलं. भाकरी, अंबाडीची भाजी, शेंगाची चटणी आणि वर दही. अंबाडीची भाजी मी आयुष्यात पहिल्यांदा खाल्ली, आंबट आणि त्यात ज्वारीच्या कण्या, बायकोने दोनदा घेतली. पैसे विचारले तर आधी "आज पहिल्यांदा आलायसा, राहू द्या" म्हणाल्या, मग सुनेने कसेबसे घेतले.

आता दोन गोष्टी विचारायच्या आहेत. चटणी अर्धा किलो आणली ती किती दिवस टिकेल, फ्रिजमध्ये ठेवायची का? आणि घरी करायची तर मिक्सरला का जमत नाही, बायकोने करून पाहिली तर एकदम पेस्ट झाली. दुसरं, हुरड्याला आईबाबांना थांबवून घेऊ का, नक्की कधी असतो?

बाळ्याची_लेक

अंबाडी खाल्ली ना, मग झालं तुमचं सोलापूर सुरू. कानडीत पुंडीपल्ल्या म्हणतात तिला.

चटणी फ्रिजमध्ये अजिबात नको, काचेच्या बरणीत बाहेर ठेवा, ओला चमचा घालायचा नाही, महिनाभर काही होत नाही. मिक्सरचं असं आहे की पातं फिरतं ते शेंगदाणा कापतं आणि गरम करतं, मग एकतर भुकटी होते नाहीतर लगदा. उखळात मुसळानं कांडलं की दाणा चेपला जातो, हळूहळू तेल सुटतं आणि लसूण-तिखट त्या तेलात मुरतं. मूठ वळली की गोळा झाला पाहिजे आणि बोटानं ढकलला की सुटला पाहिजे, तिथं थांबायचं. दाणे मंद आचेवर भाजा, पूर्ण गार होऊ द्या, मग जिरं, मीठ, लसूण, लाल तिखट. लसूण सालीसकट घालणारे पण आहेत, आमच्याकडं घालतात. उखळ नसेल तर मोठा खलबत्ता घ्या, थोडं थोडं करा. मिक्सरशिवाय पर्यायच नसेल तर बटण दाबून लगेच सोडायचं, सलग फिरवायचं नाही, निम्मी तरी चव येते. खाताना वर करडईचं कच्चं तेल, बाबांना नुसतं दही.

हुरडा डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारी अखेरपर्यंत, पाऊस लांबला आणि पेरणी मागं गेली तर फेब्रुवारी पण उजाडतो. म्हणून तारीख आत्ता ठरवू नका, नोव्हेंबरच्या शेवटी मावशींनाच विचारा, त्यांच्या शेताकडं कणीस कुठवर आलंय ते. गुळभेंडी किंवा सुरती मिळाली तर तीच खायची, आगटीवर भाजून तळहातावर चोळून गरम गरम, सोबत हीच चटणी. पॅकेजवाले हुरडा पार्टी लावतात तिथं झोपाळे आणि बैलगाडी असते, पोरांना बरं, पण आईबाबांना मावशींच्या शेतावरच न्या. मार्गशीर्षात चंपाषष्ठी पण त्याच सुमारास येते, खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य असतो, तेव्हा बाळ्यात असाल तर यात्रा पण होईल.

मेसवाला_पोऱ्या

यात्रेच्या रविवारी बाळ्यात चारचाकी घालू नका, रिक्षानं जावा. आणि भाकरी त्या दिवशी पाहिजे असेल तर आदल्या रात्रीच सांगून ठेवा, गिरणी सकाळी बंद असायची शक्यता जास्त.