मदत हवी आहे: २०१० चं दूध संकलनाचं पीएचपी अ‍ॅप नवीन कशात करू? लारावेल, कोडइग्नायटर की जँगो?

धारोष्ण (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथं वाचनमात्र होतो, आज गळ्याशी आलंय म्हणून लिहितोय. जरा लांबलंय, सांभाळून घ्या.

आमच्या भागातल्या एका दूध संस्थेचं संकलन आणि बिलाचं सॉफ्टवेअर मी बघतो. बघतो म्हणजे एकटाच. मूळ लिहिणारा दुसरा होता, तो २०१३ ला नोकरी लागली म्हणून गेला आणि जाताना मला एक पेन ड्राइव्ह देऊन गेला, डॉक्युमेंटेशन म्हणाल तर तेवढंच. साधं पीएचपी, फ्रेमवर्क (तयार सांगाडा) वगैरे काही नाही. पानाच्या वरच्या भागात एसक्यूएल, मधे एचटीएमएल, खाली जेक्वेरी. १४० च्या आसपास फाइली आहेत, त्यातल्या वापरात किती देव जाणे. बिलाच्याच पाच आहेत: बिल, बिल_नवीन, बिल_नवीन_फायनल, बिल_दिवाळी आणि बिल_जुनं_काढू_नये. चालते ती शेवटचीच.

काम असं की १४ गावांत संकलन केंद्रं, सकाळ-संध्याकाळ. उत्पादक नंबर, लिटर, फॅट, डिग्री (लॅक्टोमीटरचं रीडिंग) टाकली की एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) निघतो, दरपत्रकातून दर लागतो, पावती निघते. दर १० दिवसांनी बिल, त्यातून पशुखाद्य, अ‍ॅडव्हान्स, ठेव कापायची आणि बँकेची यादी काढायची, आणि दिवाळीला फरक. उत्पादक दोन हजारच्या आत आहेत, म्हणजे लोड वगैरे फार काही नाही.

आता अडचण. होस्टिंगवाल्याचा मेल आलाय की पीएचपी ५.६ बंद करतोय, तीन महिने आहेत. त्याला तरी काय बोलणार, ५.६ चा अधिकृत सपोर्ट २०१८ च्या ३१ डिसेंबरलाच संपला, आम्हीच झोपलो होतो. टेस्टिंगला ८.३ वर टाकून बघितलं तर लॉगिनचं पानच उघडेना, कारण मायएसक्यूएल डेटाबेसशी बोलणारी जुनी फंक्शनं ७.० पासून काढूनच टाकलीत आणि आमच्याकडं ती चारशे ठिकाणी आहेत.

संचालक मंडळ म्हणतंय एवीतेवी हात घालताय तर नवीनच करा, मोबाईलवर नीट दिसलं पाहिजे, उत्पादकाला घरी बसून बिल बघता आलं पाहिजे. चेअरमनसाहेबांचा भाचा इंजिनिअरिंगला आहे, त्यानं रिअ‍ॅक्ट सांगितलंय, तेव्हापासून मीटिंगमध्ये सगळे रिअ‍ॅक्ट रिअ‍ॅक्ट करतात, सेक्रेटरी धरून.

मला पीएचपी येतं, पायथन थोडंफार. पीएचपीच्या फ्रेमवर्कपैकी लारावेलचे दोन-चार व्हिडिओ बघितलेत. कोडइग्नायटर हलकं आहे म्हणतात. कुणी म्हणतं पायथनचं जँगो घे, अ‍ॅडमिन (माहिती भरायची तयार पानं) फुकट मिळतं. कशात करू? आणि तीन महिन्यांत होईल का?

कळफलक

तीन महिन्यांत एकट्यानं सगळं नवीन? नाही होणार. सरळच सांगतो.

फ्रेमवर्कचं म्हणाल तर पीएचपी येतंय ना, मग लारावेल. माणसं मिळतात, उद्या तुम्ही नसलात तरी पुढचा मुलगा बघून घेईल. कोडइग्नायटर पण वाईट नाही, पण तीनवरून चारला जाताना लोकांना जवळपास परत लिहावं लागलं. तुमचं तर तीनमध्ये पण नाही म्हणा, त्यामुळं तुम्हाला तो त्रास नाही.

मात्र लारावेल घेतलंत की दरवर्षी एक मोठं व्हर्जन येणार हे धरून चाला. एका व्हर्जनला बगफिक्स दीड वर्ष, सिक्युरिटी दोन वर्षं. परत दहा वर्षं झोपायचं असेल तर घेऊ नका.

अजून एक, तुमच्या संकलनाच्या टेबलची प्रायमरी की (प्रत्येक नोंद ज्यावरून ओळखायची ती) काय आहे? उत्पादक नंबर, तारीख आणि सत्र अशी तिन्ही मिळून असेल तर लारावेलच्या ओआरएमला (टेबलांशी बोलणाऱ्या भागाला) तशी जोडकी चालत नाही. एक साधा आयडी कॉलम वाढवा आणि त्या तिघांवर युनिक इंडेक्स ठेवा. मी हे न बघता सुरुवात केली होती आणि दोन आठवडे स्वतःलाच शिव्या घातल्या.

अजगर

जँगोच्या बाजूनं बोलायला कुणीतरी पाहिजे म्हणून. इन्स्पेक्टडीबी म्हणून कमांड आहे, चालू डेटाबेसकडं बोट दाखवलं की मॉडेल्स स्वतःच लिहून देतं, टेबलाला हात लावत नाही. उत्पादक मास्टर, दरपत्रक, कपातीचे प्रकार, ही सगळी भरायची पानं अ‍ॅडमिनमध्ये एका दुपारीत उभी राहतात. शिवाय एलटीएस (लांब मुदतीच्या सपोर्टचं) व्हर्जन घेतलं तर तीन वर्षं निवांत. ५.२ हे एलटीएसच आहे, २०२५ च्या एप्रिलमध्ये आलंय, आणि जोडकी प्रायमरी की पण त्यातच पहिल्यांदा आली. अ‍ॅडमिनमध्ये मात्र ती अजून चालत नाही, म्हणजे कळफलक म्हणतात तो आयडी कॉलम इथंही लागेलच.

रात्रपाळी

धारोष्ण भाऊ, अजगररावांचं ऐकून जँगोला जाणार असाल तर एक गोष्ट लिहून भिंतीवर लावा. पायथनचा राऊंड २.५ चा २ करतो आणि ३.५ चा ४. पीएचपीचा राऊंड २.५ चा ३ करतो. दोन हजार उत्पादक, दिवसाला दोन पावत्या, १० दिवस. बिल आल्यावर जो म्हातारा वहीत पैसा न् पैसा मांडून ठेवतो ना, तो पहिल्या बिलालाच तुमच्या दारात उभा राहील. डेसिमल (अचूक दशांश ठेवणारा प्रकार) वापरा आणि राऊंडिंग कुठलं ते स्वतः सांगा, फ्रेमवर्कवर सोडू नका. आणि तुमच्या टेबलात रक्कम फ्लोट (अपूर्णांक अंदाजे ठेवणाऱ्या) कॉलममध्ये असणार, मी न बघता पैज लावतो.

पीएचपीतच राहिलात तरी सुटका नाही. आठमध्ये तुलनेचा नियम बदललाय. आधी रिकामी स्ट्रिंग आणि शून्य सारखे धरायचे, आता धरत नाहीत. म्हणजे तुमच्या कोडमध्ये कुठंतरी असं असेल की फॅट बरोबर शून्य असेल तर "फॅट टाका" म्हणून अडवायचं. केंद्रावरच्या पोरानं फॅट रिकामी सोडली तर ५.६ मध्ये अडायचं, ८ मध्ये सुसाट पुढं जाईल. एरर पण येणार नाही. हे जास्त वाईट.

माझं मत विचाराल तर फ्रेमवर्क हा तुमचा आजचा प्रश्नच नाही. आज प्रश्न होस्टिंगचा आहे. तो आधी मिटवा. जुन्या मायएसक्यूएल फंक्शनांच्या नावानं आतून मायएसक्यूएलआय (त्यांच्या जागी आलेली नवी फंक्शनं) चालवणारी छोटी लायब्ररी मिळते, ती टाकली की चारशे ठिकाणं लगेच बदलावी लागत नाहीत. बाकीच्या यांत्रिक बदलांना रेक्टर नावाचं टूल आहे. तीन महिन्यांत जुनंच अ‍ॅप ८ वर आणा, बास. नवं त्याच्या शेजारी सावकाश उभं करा, एकेक पान करत. जुन्या वाड्याच्या भिंतीत पिंपळ उगवतो बघा, आधी एक फांदी दिसते आणि काही वर्षांनी बघावं तर भिंत नाही, पिंपळच उभा. सॉफ्टवेअरवर लिहिणाऱ्या मार्टिन फाउलरनं २००४ मध्ये या पद्धतीला नाव दिलं ते ऑस्ट्रेलियातल्या अशाच झाडांवरून. आपल्याकडं ते बघायला ऑस्ट्रेलियाला जावं लागत नाही.

सायबर_मावशी

रात्रपाळीला +१. पण नावांचं कुणी विचारलंच नाही! धारोष्ण, उत्पादकांची नावं मराठीत आहेत ना? डेटाबेसमध्ये युनिकोड आहे की श्रीलिपी नाहीतर शिवाजीसारख्या फॉन्टमधलं?

विचारते कारण मी एका वाचनालयाचं काम केलं होतं. सभासदांची नावं फॉन्टमध्ये, म्हणजे फॉन्ट काढला की नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा कचरा. बदलताना सगळ्यात छळलं पहिल्या वेलांटीनं आणि रफारानं. जुन्या फॉन्टात वेलांटी अक्षराच्या आधी टाईप होते, युनिकोडात नंतर येते. रफाराचं बरोब्बर उलटं, फॉन्टात नंतर आणि युनिकोडात र आधी. नुसतं हे अक्षर काढून ते घाला केलं तर "किर्ती"चं काय होतं ते बघा एकदा. जोडाक्षर असेल तर वेलांटी नेमकी कितव्या अक्षरापलीकडं न्यायची हे पण ठरवावं लागतं.

आणि यादी मराठी वर्णक्रमानं लावायची असेल तर ळ बघा. युनिकोडमध्ये तो ल च्या लगेच मागं आहे, आपल्या वर्णमालेत ह नंतर. आमच्या ग्रंथपाल बाईंनी पहिल्याच दिवशी पकडलं.

धारोष्ण

मावशी, पोटात गोळा आला. आत्ता बघितलं. २०१४ च्या आधीची नावं शिवाजीत आहेत, नंतरची युनिकोड. एकाच कॉलममध्ये! पानावर जुना नंबर असेल तर एक फॉन्ट आणि नवा असेल तर दुसरा, अशी चक्क इफ-एल्स लावलीये. शिवाय टेबल लॅटिन१ (फक्त इंग्रजी-युरोपी अक्षरांचं एन्कोडिंग) दाखवतंय आणि त्यात मराठी व्यवस्थित दिसतंय, हे कसं काय?

रात्रपाळी, पैज जिंकलात. फ्लोटच आहे.

कळफलक

लॅटिन१ ची गंमत अशी की जुना कोड कनेक्शनला काही सांगतच नाही, त्यामुळं युनिकोडचे बाइट जसेच्या तसे आत जातात आणि तसेच बाहेर येतात, मायएसक्यूएलला पत्ताच नाही की हे मराठी आहे. लारावेलनं यूटीएफ८एमबी४ (युनिकोडचं एन्कोडिंग) नं कनेक्ट केलं की मायएसक्यूएल शहाणपणा करून रूपांतर करायला जाईल आणि सगळी वाट लागेल. कॉलम आधी बायनरी करा, मग यूटीएफ८एमबी४ करा. थेट बदलू नका. अर्थात आधी बॅकअप, आणि बॅकअप परत उभा करून बघितलेला बॅकअप.

तारखांत शून्य-शून्य-शून्य वाल्या असतील तर त्या पण आत्ताच काढा. मायएसक्यूएल ५.७ पासून डिफॉल्टलाच त्या घेत नाही.

बांधावरून

रिअ‍ॅक्टवाल्या भाच्यासाठी लिहितो. रिअ‍ॅक्ट हा समोरचा भाग झाला, मागं सर्व्हर कशात तरी लिहावा लागतोच, म्हणजे तुमचा मूळ प्रश्न तिथंच राहतो आणि वर अजून एक अ‍ॅप सांभाळायला येतं. एकट्या माणसानं दोन कशाला घ्यावीत? आम्ही २०१५ ला हौसेनं रिअ‍ॅक्टसारखंच अँग्युलरजेएस घेतलं होतं, २०२१ संपता संपता त्याचा सपोर्टच संपला, आणि पुढचं अँग्युलर म्हणजे नाव तेच पण घर वेगळं. त्या प्रोजेक्टमधलं जेक्वेरीचं जुनं पान मात्र अजून चालतंय, हसावं का रडावं.

फक्त एका ठिकाणी जावास्क्रिप्टवर मेहनत घ्या. संकलन केंद्रावर नेट जातं ना? सकाळी सहाला रांग लागलेली असताना पान फिरत बसलं तर काय करता?

धारोष्ण

वहीत लिहितात, नंतर भरतात. आणि भरताना चुकतात, ३.८ चं ८.३. पावसाळ्यात तर वहीच जास्त.

बांधावरून

मग तेवढंच एक पान ऑफलाइन चालेल असं करा. नोंदी ब्राउझरमध्येच साठवायच्या आणि नेट आलं की पाठवायच्या. त्यात नोंदीला केंद्रावरच एक नंबर द्या, नाहीतर तीच नोंद दोनदा जाईल आणि दूध दुप्पट होईल, उत्पादक काही तक्रार करणार नाही म्हणा. बाकी सगळी पानं साधी सर्व्हरवरून येऊ देत, मोबाईलवर पण छान दिसतात.

रात्रपाळी

धारोष्ण भाऊ, काहीही सुरू करायच्या आधी एक करा. मागच्या सहा महिन्यांची बिलं घ्या, म्हणजे १८ बिलं झाली. दर आणि एसएनएफ काढायचा कोड बाहेर काढून एका फंक्शनमध्ये ठेवा, त्यातून ती १८ परत काढा आणि जुन्याशी पैशापर्यंत ताडून बघा. जुळली की मग फ्रेमवर्क कुठलंही घ्या, ते फंक्शन उचलून नेता येतं. नाही जुळली तर आम्हाला कळवा, आम्ही चहा घेऊन बसलोय.

धारोष्ण

दोन आठवड्यांनी येतोय, माफ करा. शिम (रात्रपाळींनी सांगितलेली ती छोटी लायब्ररी) टाकून जुनं अ‍ॅप ८.३ वर उभं राहिलं. फॅट रिकामी जाण्याचा प्रकार रात्रपाळींनी सांगितला अगदी तस्साच सापडला, तीन ठिकाणी. होस्टिंगची तलवार गेली.

बिलं मात्र जुळली नाहीत. आणि चूक माझ्या नव्या फंक्शनची नाही.

एसएनएफचं सूत्र कोडमध्ये दोन ठिकाणी आहे, पावतीच्या पानात आणि बिलाच्या फाइलीत. डिग्री भागिले चार, अधिक फॅटच्या ०.२ पट, इथपर्यंत दोन्ही सारखं. पुढं पावतीत अधिक ०.४४ आहे आणि बिलात ०.३६. म्हणजे डिग्री २८ आणि फॅट ३.८ असेल तर पावतीवर ८.२० येतो आणि बिलाला ८.१२ धरला जातो. आमचं दरपत्रक एका दशांशाचं, पुढचं कापून टाकतो, म्हणून ८.२ चा दर पावतीवर छापला जातो आणि पैसे ८.१ नं मिळतात. सगळ्यांना फरक पडत नाही, कडेला असलेल्यांनाच पडतो. वर्षानुवर्षं काही लोक केंद्रावर येऊन म्हणायचे पावती आणि बिल जुळत नाही, आणि आम्ही म्हणायचो काका, तुमची बेरीज चुकली असेल.

फ्रेमवर्कचं लारावेलवर ठरवलंय, कारण पीएचपी येतं आणि सूत्राचं फंक्शन तसंच नेता येतं. संकलनाचं पान ऑफलाइन करणार, बाकी साधं. लॉगिनचं मात्र अडलंय, लारावेल सेशन (कोण लॉगिन आहे त्याची नोंद) स्वतःचं वेगळं ठेवतं आणि जुनी पानं पीएचपीचं सेशन बघतात, त्यामुळं नव्या पानावरून जुन्यावर गेलं की परत पासवर्ड मागतं. कुणी केलंय का दोन्हीला एकच लॉगिन? पासवर्ड एमडी५ (जुन्या, कच्च्या हॅश पद्धती) मध्ये आहेत, ते पण जाता जाता बदलायचेत.

आणि दुसरं, ०.४४ बरोबर की ०.३६ हे मी ठरवायचं नाही एवढं कळतंय. पण परवा मासिक मीटिंग आहे आणि तिथं हे सांगायला मीच उभा राहणार आहे. कसं सांगू?

सायबर_मावशी

सेशनचं उद्या सकाळी सविस्तर लिहिते, केलंय मी. एमडी५ चं सोपं आहे, माणूस लॉगिन झाला की त्याच क्षणी नवा हॅश करून ठेवायचा, कुणाला कळत पण नाही.

मीटिंगला त्या काकांची एक पावती आणि त्याच दिवसाचं बिल प्रिंट काढून घेऊन जा. लॅपटॉप उघडू नकोस.