'बनगरवाडी' आणि 'दोघी' गावात दाखवायचे आहेत, परवानगी कुणाकडे मागायची?

राम राम मंडळी. अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयात दिवाळीनंतर १९९५ सालचे चित्रपट दाखवायचं ठरलंय. त्या साली 'रंगीला' आला, 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे' आला. ते सगळ्यांना पाठ आहेत. माझा जीव अडकलाय अमोल पालेकरांच्या 'बनगरवाडी'त आणि सुमित्रा भावे-सुनील सुकथनकरांच्या 'दोघी'त. एकाच वर्षात मराठीत एवढं तोलामोलाचं काम झालं आणि आमच्याकडच्या पोरांनी ते पाहिलेलंच नाही, याचं फार वाईट वाटतं.

यूट्यूबवर शोधलं, पण सापडलेल्या प्रती इतक्या पुसट की मोठ्या पडद्यावर चेहरेही ओळखू येणार नाहीत. जळगावात सीडीची दुकानं धुंडाळली. बहुतेक ठिकाणी आता मोबाइलची कव्हरं मिळतात. प्रोजेक्टर आणि स्पीकर आमचेच आहेत. तिकीट नाही, शंभरेक माणसं येतील. चोरीची प्रत लावायची नाही. वाचनालयाकडे पैसे बेताचेच, तरी रीतसर शुल्क भरू.

असे खेळ कुणी लावले असतील तर सांगा: या दोन चित्रपटांच्या जाहीर खेळाची परवानगी नेमकी कुणाकडे मागायची, ती मिळायला किती दिवस लागतात आणि चांगली प्रत पेनड्राइव्हवर देतात का?