मदत हवी आहे: छोट्या लाईनची जुनी कटिंग जपण्यासारखी आहे का, हे कसं ठरवायचं?

फळा_खडू
नमस्कार मंडळी. मी धाराशिव जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर भूगोल शिकवतो. बार्शी लाईट रेल्वेची अडीच फुटी रुळांवरची गाडी १९११ साली लातूरपर्यंत आली. पुढे लाईन मोठी झाली तेव्हा नवे रूळ धाराशिव शहराकडून नेले आणि येडशी-रामलिंगच्या डोंगरातला जुना मार्ग ओस पडला. त्याच मार्गावर आमच्या गावाजवळ एक कटिंग आहे, म्हणजे रुळांसाठी खडक कापून काढलेली वाट. नेमकी जागा मुद्दामच लिहीत नाही, गारगोट्या विकणारे कुठंही पोचतात.

लांबी साठेक पावलं, उंची चौदा फुटांच्या आसपास. बुडाशी मांजऱ्या (भोकाभोकाचा) खडक, त्यात पांढऱ्या गाठी. त्यावर हातभर जाडीचा विटकरी लाल थर. त्यावर सरळ काळा पाषाण. पाषाणाच्या अगदी तळाला, लाल थराला टेकून, करंगळीएवढ्या उभ्या नळ्या दिसतात, काही पोकळ, काही पांढऱ्यानं भरलेल्या. पोरं म्हणतात किड्यांची बिळं. एका जागी सुरुंगाच्या भोकाची अर्धी नळी अजून शाबूत आहे, बोट फिरवलं की पहारीचे घाव लागतात. समोरच्या भिंतीत लाल थर दीड फूट वर आहे. गावात सगळ्यांचं ठरलंय की किल्लारीच्या भूकंपात तो सरकला.

शेतरस्त्यासाठी कटिंग रुंद करायची आणि निघेल तो मुरूम रस्त्यावर टाकायचा, असं ग्रामसभेत चाललंय. एका प्राध्यापकांना फोन केला तर म्हणाले, "बेसॉल्टच आहे, अख्ख्या महाराष्ट्रात तेच आहे." विषय संपला. मी भूशास्त्राचा माणूस नाही. यात खरंच काही आहे का, आणि ते मी कसं दाखवू?

दगडधोंडे
गुरुजी, प्राध्यापक चुकीचं बोलले नाहीत, पण अर्धवट बोलले. बेसॉल्ट, म्हणजे लाव्हा थिजून झालेला काळा पाषाण, सगळीकडे आहे. दोन लाव्हांची सांध मात्र हात लावता येईल एवढ्या उंचीवर, ताजी कापलेली, फार जागी बघायला मिळत नाही. एरवी ती मातीखाली नाहीतर विहिरीच्या तळाशी. तुमच्या कटिंगची किंमत त्या हातभर लाल थरात आहे.

साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या आसपासची गोष्ट. खालचा लाव्हा आला, निवला. त्यातला वायू वर चढून अडकला म्हणून त्याचा माथा भोकाभोकाचा, तोच तुमचा मांजऱ्या. मग बरीच वर्षं काहीच आलं नाही. ऊन-पावसानं माथा कुजला, माती झाली. त्यावर पुढचा लाव्हा आला आणि ती भाजली गेली. म्हणजे लाल थर हा दोन उद्रेकांमधला सुट्टीचा काळ.

खात्री कशी करायची? थराची वरची कड सुरीनं कापल्यासारखी असते, खालची मात्र हळूहळू मांजऱ्यात मिसळते. तसं असेल तर ती जागीच बनलेली माती. दोन्ही कडा धारदार असल्या आणि आत बारीक पापुद्रे दिसले तर पाण्यानं आणून टाकलेला गाळही असू शकतो. मग प्रकरण आणखी रंगतदार. असे पापुद्रे दिसले तर शिंपल्यांचे ठसे सापडतात का, नुसत्या डोळ्यांनी बघा. खणू नका.

नळ्या किड्यांच्या नाहीत. वरचा लाव्हा टेकला त्या जागी तळातून वायू आणि वाफ वर सुटली, त्याच्या त्या खुणा. वरच्या टोकाला कललेल्या असतील तर कल कोणत्या दिशेला आहे ते होकायंत्रानं टिपा, लाव्हा कुठं वाहत होता याचा अंदाज त्यावरून बांधतात. एक-दोन नळ्यांवर विश्वास टाकू नका, निदान वीस-पंचवीस मोजा.

पांढऱ्या गाठींसाठी खाली पडलेला तुकडा घ्या. काचेवर ओरखडा उठला तर गारगोटी. सौम्य आम्लाच्या थेंबानं फसफसला तर कॅल्साइट, म्हणजे चुन्याचं खनिज. दोन्ही नाही आणि ज्वारीची पेंढी मधोमध बांधावी तसा आकार असेल, तर बहुधा स्टिलबाइट, झिओलाइट नावाच्या खनिजांच्या घराण्यातलं.

किल्लारीवरून एक सांगतो. १९९३ च्या भूकंपानंतर तिथं खोल भोक पाडलं, तेव्हा ३३८ मीटरवर बेसॉल्ट संपला. त्याखाली थोडासा गाळखडक आणि मग थेट ग्रॅनाइटी खडक. पश्चिम घाटात हाच बेसॉल्ट किलोमीटरहून जाड आहे. आपल्याकडे थर मोजकेच, म्हणून प्रत्येक सांधेची नोंद कामाची.

विहीरवाला_ढोकी
सर, श्रावण-भादव्यात जाऊन बघा, त्या लाल थराच्या वरून पाणी पाझरताना दिसल. आमच्या विहिरी खणायच्या धंद्यात गेरू, म्हणजे हाच लाल थर, लागला की मालकाला सांगावं लागतं. पाणी वरच्या पाषाणाच्या फटीतून येतं आणि गेरूवर अडतं. पोरांना हे दाखवा. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं. विहिरीत उतरून हे बघायला आईबाप परवानगी देणार नाहीत, कटिंगमध्ये उभ्या उभ्या दिसतंय.

रानवाट
खडकाचं नंतर, आधी जमीन कुणाची ते बघा. रूळ उचलले म्हणून जागा गावाची होत नाही. सातबारा काढा. मुरूम गौण खनिजात येतो, तहसीलच्या परवानगीशिवाय पोकलेन लावता येत नाही. जागा येडशी-रामलिंग अभयारण्याच्या हद्दीत निघाली तर वनविभागाला विचारल्याशिवाय तुम्हालाही दगड उचलता येणार नाही, शाळेसाठी असला तरी.

भूवारशासाठी वेगळ्या कायद्याचा मसुदा २०२२ मध्ये आला होता, त्याच्या भरवशावर बसू नका. राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारकाच्या मागेही लागू नका, त्या यादीत लोणारसारख्या नावाजलेल्या जागा आहेत. तुमचा प्रश्न गावात सुटणारा आहे. जैवविविधता समितीच्या नोंदवहीत आणि ग्रामसभेच्या ठरावात जागा नोंदवून घ्या, आणि रस्ता कटिंगच्या बाजूनं काढायचा पर्याय नकाशावर आखून न्या. नुसता विरोध केलात तर "मास्तर रस्ता अडवतात" एवढंच राहील.

फळा_खडू
सगळ्यांचे आभार. काल गेलो होतो. वरची कड धारदार, खालची मिसळलेली. नळ्या बावीस मोजल्या, सतरा पूर्वेकडं कललेल्या. या बावीसपलीकडच्या नळ्या मोजता आल्या नाहीत, तिथं वर आग्या मोहोळ आहे. सातबारा रेल्वेच्याच नावावर निघाला. पण दीड फुटाच्या फरकाचं काय? भूकंप म्हणून पोरांना सांगू का?

दगडधोंडे
अजून नका सांगू. जमीन सरकली असेल तर थर कुठंतरी तुटलेला दिसायला हवा. तुटल्या जागी घासल्याच्या रेघा, चुरा. लाव्हाचा माथा काही फरशीसारखा सपाट नसतो, फुगवटे-खळगे असतात, नुसत्या उतारानंही एवढा फरक पडतो. कटिंगच्या दोन्ही तोंडांपासून दर दहा पावलांवर पातळी नळीनं (गवंड्यांची पाणी भरलेली पारदर्शक नळी) उंची घ्या आणि दोन्ही भिंतींचं चित्र शेजारी शेजारी काढा. प्रत्येक फोटोत टेप किंवा पेन ठेवा.

फळा_खडू
गवंड्याकडून पातळी नळी आणली, सातवीतली चार पोरं मदतीला होती. मोहोळाखालची दहा पावलं सोडली. बाकी दोन्ही भिंतींत थर सलग आहे, कुठंच तुटलेला नाही. एका अंगाला नुसता चढत जातो. चित्र चार्टपेपरवर काढलंय, रविवारच्या ग्रामसभेत लावतो. सरपंचांना आधी दाखवलं. ते बराच वेळ लाल पट्ट्याकडं बघत राहिले आणि म्हणाले, "हा गेरू आमच्या विहिरीत पन्नास फुटांवर लागला होता." आता त्यांची विहीरही मोजायची आहे. विहीरवाले दादा, ढोकीहून येता का?