पाश्चात्त्य ॲनिमेटेड मालिका आता बघवत नाहीत, काय बघू?

झुळूक
शाळा संपली तरी कार्टूनचं वेड काही संपलं नव्हतं. सिम्पसन्स, फ्युचुरामा, साउथ पार्क, पुढे रिक अँड मॉर्टी, सगळं आवडीने बघितलं. हल्ली मात्र कुठलीही नवी पाश्चात्त्य मालिका लावली की दहाव्या मिनिटाला हात फोनकडे जातो. प्रत्येक पात्र हजरजबाबी, प्रत्येकाला स्वतःच्याच मालिकेची टर उडवायची घाई. कोणी मेलं तरी लगेच त्यावर कोटी तयार. आणि 'मोठ्यांसाठी' म्हणजे शिव्या, रक्त आणि पांचटपणा, हे कोणी ठरवलं कोण जाणे.

मनापासून आवडलेली शेवटची मालिका म्हणजे बोजॅक हॉर्समन (२०१४–२०२०). पाचव्या सीझनमधला 'फ्री चुरो' आठवतोय? सुरुवातीचा वडिलांचा प्रसंग सोडला तर अख्खा भाग बोजॅक आईच्या शवपेटीशेजारी उभा राहून एकटा बोलतो. तसं काही असेल तर सांगा.

ॲनिमे (जपानी ॲनिमेशन) सुचवू नका, ते मी वेगळं बघते. वीस-वीस सीझनवालं नको. ज्याला शेवट आहे असं हवं.

उंटावरचा_शहाणा
वय झालं, दुसरं काय! मालिका आहेत तिथेच आहेत, तुम्ही पुढे गेलात. सोडून द्या आणि दुसरं काही बघा. बघितलंच पाहिजे अशी सक्ती थोडीच आहे?

आडवाट
शहाणे, अर्धंच पटलं. सिम्पसन्स डिसेंबर १९८९ पासून सुरू आहे आणि बार्ट अजून दहा वर्षांचाच. भाग संपताना सगळं बहुतेक जिथल्या तिथे, म्हणजे आधीच्या भागात काय झालं याला फारशी किंमत नाही. विशीत हे खपतं, कारण विनोद पुरेसा असतो. नंतर वाटायला लागतं की घडलेलं टिकावं, त्याची झळ कोणाला तरी लागावी. बोजॅक आवडली ती त्यामुळेच असणार. त्यात केलेलं निस्तरावं लागतं.

झुळूक, 'ओव्हर द गार्डन वॉल' (२०१४) बघा. दहा भाग, प्रत्येकी साधारण अकरा मिनिटं, म्हणजे दोन तासांच्या आत खेळ खलास. दोन सावत्र भाऊ जंगलात हरवलेत, एवढीच गोष्ट. थोरल्याच्या डोक्यावर लाल टोकदार टोपी, धाकट्याच्या डोक्यावर उलटी किटली. धाकट्याकडे एक बेडूक आहे, त्याचं नाव तो सारखं बदलतो. हा अवतार का, ते थेट नवव्या भागात कळतं आणि तोवरचं सगळं वेगळं दिसायला लागतं. आहे मुलांच्या वाहिनीवरची, पण मोठ्यांनाच जास्त लागते.

पेन्सिलतासे
या क्षेत्राच्या कडेकडेने काम करतो म्हणून थोडं बोलतो. झुळूक, तुम्हाला कंटाळा ॲनिमेशनचा आलेला नाही, बडबडीचा आलाय. आणि ही बडबड फुकट आलेली नाही. टीव्हीसाठी चित्र हलवणं महाग, बोलणं स्वस्त. हॅना-बार्बेरा या जुन्या अमेरिकन कार्टून स्टुडिओने ते फार आधी ओळखलं होतं. योगी अस्वलाच्या गळ्यात कॉलर आणि टाय का? तर डोकं धडापासून वेगळं करता यावं म्हणून. धड तसंच ठेवायचं, वर फक्त तोंड हलवायचं. मग भार सगळा लेखकावर आणि आवाजावर. त्यातून उत्तम विनोदी मालिका निघाल्या हे मान्यच, पण पुढच्यांनी नुसत्या पाट्या टाकल्या. चार जण सोफ्यावर बसून टोमणे मारतायत, झाला भाग तयार.

म्हणून उलट्या टोकाचं सुचवतो: 'प्रायमल' (२०१९), 'समुराई जॅक' मालिका करणाऱ्या गेंडी टार्टाकोव्हस्कीची. एक आदिमानव आणि एक डायनासोर मादी. दोघांचीही पिल्लं एकाच शिकारी टोळीने खाल्लेली, म्हणून एकत्र. पहिल्या सीझनमध्ये संवाद जवळपास नाहीतच. श्वास, गुरगुर, नजर, बस्स. रक्त मात्र भरपूर आहे, पण ते गंमत म्हणून सांडलेलं नाही.

मिरी
पेन्सिलतासे +१. माझ्याकडून 'स्कॅव्हेंजर्स रेन' (२०२३). परक्या ग्रहावर अडकलेले मालवाहू यानातले लोक. तिथले प्राणी, शेवाळं, बिया यांचाच हत्यारांसारखा वापर करत जगतात. लेवी नावाच्या यंत्रमानवाच्या आत काहीतरी उगवायला लागतं, आणि ते कोणी समजावून सांगत बसत नाही, आपण फक्त बघत राहायचं. बारा भाग, मग वाहिनीने गुंडाळली. शेवट थोडा उघडा आहे, पण लटकवत नाही.

उंटावरचा_शहाणा
हेच ते! चांगलं काही आलं की बारा भागांत गाशा गुंडाळणार. आर्केनचा पहिला सीझन २०२१ मध्ये आणि दुसरा थेट २०२४ मध्ये. मधे कोण कोणाची बहीण तेही विसरायला होतं. 'इन्फिनिटी ट्रेन' तर २०२२ मध्ये एचबीओ मॅक्सने ॲपवरून काढूनच टाकली. प्रेक्षकाने जीव लावायचा कशावर?

आडवाट
म्हणूनच संपलेल्या बघायच्या. आर्केन आता १८ भागांत पूर्ण आहे, सलग बघितली तर तुमची तक्रार उरत नाही. ती बनवणारा फ्रेंच स्टुडिओ चेहऱ्यावरचे भाव कसे रंगवतो तेवढ्यासाठी तरी बघा.

ठोंब्या
रिक अँड मॉर्टीला नावं ठेवणाऱ्यांचा निषेध. आणि 'किंग ऑफ द हिल' कोणीच कसं सुचवलं नाही? हँक कुंपणाशी उभा राहून मित्रांबरोबर 'हं' म्हणतो, त्यात अख्खा प्रसंग होतो. सीझन डझनाहून जास्त आहेत, ठाऊक आहे, अट मोडतोय.

झुळूक
ठोंब्या, नावं नाही ठेवली, पोट भरलंय एवढंच.

गार्डन वॉल एका बैठकीत संपली. आडवाट, नवव्या भागाबद्दल न फोडल्याबद्दल आभार! प्रायमलचा पहिला भाग बघून थोडा दम खातेय, भारी आहे पण रात्री झेपत नाही. पेन्सिलतासे, ती टाय आता प्रत्येक जुन्या कार्टूनमध्ये दिसायला लागलीय. स्कॅव्हेंजर्स रेन यादीत पुढची. 'पॅन्थिऑन' कोणी बघितलीय का? नाव सारखं कानावर येतंय.

मिरी
बघितलीय. केन लिऊच्या कथांवर आहे, दोन सीझन, १६ भाग, आणि व्यवस्थित संपते. वारलेल्या वडिलांकडून मुलीला संदेश यायला लागतात, आणि सुरुवातीला त्यात शब्दच नसतात, नुसते इमोजी. रेखाटन साधं आहे, बोलणंही बरंच आहे, पण कोट्या करायला कोणी थांबत नाही. स्कॅव्हेंजर्स रेननंतर लगेच लावू नका, चित्रं फिकी वाटतील. आधी ही, मग ती.