मदत हवी आहे: पुराच्या धक्क्यातून न सावरलेल्या आईसाठी समुपदेशक कसा निवडावा?

नमस्कार मंडळी,

आई-बाबा चिपळूणला असतात, मी पुण्यात. २२ जुलै २०२१ च्या पुरात वाशिष्ठी नदीचं पाणी घरात शिरलं तेव्हा दोघं माळ्यावर अडकले होते. सुखरूप सुटले, घर डागडुजी करून पुन्हा लागलं, बाबांचं दुकानही सुरू झालं. आई मात्र अजून त्यातून बाहेर आलेली नाही. मे संपत आला की घराची कागदपत्रं, दागिने आणि बाबांच्या गोळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून उशाशी घेते. रात्री पत्र्यावर पावसाचा जोर वाढला की उठते, दार उघडून बॅटरीच्या उजेडात अंगणातली शेवटची पायरी दिसते का ते बघते. पायरी दिसली तरी परत आडवी होत नाही. ओल्या चिखलाचा वास आला तरी हात गार पडतात. बाबा म्हणतात, "झालं ते झालं, आता विसर." त्यावर ती आणखीच गप्प होते.

बीपी, थायरॉइड सगळं तपासून झालंय. मागे ओळखीतून एका समुपदेशकांकडे नेलं होतं. पहिल्याच भेटीत त्यांनी "त्या दिवशी काय झालं ते सुरुवातीपासून सांगा" म्हटलं. आई सांगत गेली आणि शेजारच्या काकूंच्या हाकांपाशी येऊन अडली, थरथरायला लागली. तेवढ्यात वेळ संपली, पुढची तारीख देऊन आम्हाला बाहेर पाठवलं. पुढे कित्येक रात्री तिला झोप नव्हती. आता "ते सगळं उकरून काढायला मी कुठेही येणार नाही" यावर ठाम आहे. मला तिचं म्हणणं पटतं.

त्यानंतर मी बरंच वाचलं. ज्युडिथ हर्मन या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ बाईंनी १९९२ मध्येच लिहून ठेवलंय की आधी माणसाला सुरक्षित वाटलं पाहिजे, आठवणींवरचं काम त्यानंतर. म्हणजे आधी झोप, श्वास, घाबरायला झालं की काय करायचं, हे हाताशी आल्याशिवाय पुराच्या दिवसाला हातच लावायचा नाही. फ्रान्सिन शपिरो यांनी १९८७ च्या सुमारास शोधलेल्या ईएमडीआर पद्धतीत तर घडलेलं सगळं तपशिलात बोलून दाखवावं लागत नाही, आठवण मनात धरून डोळ्यांच्या हालचालींबरोबर काम चालतं. हे आईला सांगितलं तेव्हा पहिल्यांदा ती "विचार करते" म्हणाली.

आता अडचण निवडीची आहे. हल्ली बऱ्याच समुपदेशकांच्या माहितीत 'ट्रॉमा-इन्फॉर्म्ड' (म्हणजे मनावरच्या आघाताची जाण ठेवणारे) लिहिलेलं असतं. मला समजलं ते असं, की ही मुळात वागण्याची रीत आहे: पुढे काय होणार ते आधी सांगायचं, 'नको' म्हणायची मुभा द्यायची, घाई करायची नाही. ती हवीच. पण आघातावरचे प्रत्यक्ष उपचार (ईएमडीआर, किंवा विचार आणि वागण्याच्या सवयींवर काम करणारी आघातकेंद्री सीबीटी) करायला वेगळं प्रशिक्षण लागतं, आणि ते कुणाकडे आहे हे नुसत्या माहितीवरून कळत नाही.

माझ्यासमोर दोन नावं आहेत. एक बाई एम. ए. समुपदेशन मानसशास्त्र, बरीच वर्षं शाळेत काम, नंतर ट्रॉमाचा छोटा कोर्स. मराठी आमच्यासारखंच, आई "छातीत धस्स होतं" म्हणाली तर समजावून सांगावं लागणार नाही. दुसरे गृहस्थ एम. फिल. क्लिनिकल सायकॉलॉजी, आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) नोंदणी, ईएमडीआरचं शिक्षण. पण मराठी तोडकंमोडकं, आणि हिंदीत आई मन मोकळं करेल असं मला वाटत नाही.

बाईंना फोनवर विचारलं, "आई पुराबद्दल बोलायचंच नाही म्हणाली तर?" म्हणाल्या, "तर नाही बोलायचं. आधी तिच्या झोपेचं बघू. रात्री उठते तेव्हा बाबा जागे असतात का?" हे मला कुणीच विचारलं नव्हतं. माझा कल त्यांच्याकडे आहे. पण प्रकरण त्यांच्या आवाक्याबाहेर गेलं तर त्या स्वतःहून पुढे पाठवतील का? त्यांच्या कामावर कुणी अनुभवी व्यक्ती देखरेख करते का, हे विचारलं तर त्यांना राग येईल का? की हे विचारणं रास्तच आहे? या क्षेत्रातल्या कुणी सांगितलंत तर फार बरं होईल.

टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर आई एकदा मराठीत बोलली, धीर आला. पण मला सलग भेटणारं एकच माणूस हवंय. रत्नागिरीचं नाव काढलं की तिला फक्त मनोरुग्णालय आठवतं, त्यामुळे तिकडे येत नाही. व्हिडिओवर बुजते, साध्या फोनवर बोलेल. अशा वयाच्या माणसाला ईएमडीआर ऑनलाइन जमतं का, कुणाच्या घरी अनुभव आहे का?

चिपळूण, खेड, कराड भागात मराठीतून बोलणारं, आघातावरचं प्रशिक्षण घेतलेलं कुणी माहीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. पाऊस लागायच्या आत पहिल्या भेटी व्हाव्यात अशी धडपड चालली आहे.